ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं: डिस्क दोनदा बदलूनही दुखणं परत का आलं

घाट उतरून परतवाड्याच्या सपाटीला लागलो, गाडी ऐंशीवर गेली, पुढे कापसाची बंडी आडवी आली म्हणून ब्रेकवर पाय ठेवला, आणि चालू थ्रेशरच्या पत्र्यावर हात ठेवावा तसं स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. पाय काढला की सगळं शांत. चाळीसच्या खाली ब्रेक मारला तर काहीच नाही. ही गोष्ट माझ्या गाडीत अडीच वर्षांत तीनदा झाली. पहिल्यांदा ५८ हजार किलोमीटरला. गॅरेजवाला दहा मिनिटं चालवून आला आणि म्हणाला, "सर, डिस्क बेंड झाली तुमची. नवीन टाका लागते." डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी; ब्रेक मारला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात. ती टाकली, सोबत पॅडही टाकले. गाडी लोण्यासारखी चालली. ६४ हजारांना तेच. "लोकल माल होता, कंपनीची टाका." तीही टाकली. ७० हजारांना पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा मी पाकीट काढण्याआधी विचार केला. दरवेळी बरोबर पाच-सहा हजार किलोमीटरनंतरच दुखणं परत येत असेल, तर प्रत्येक डिस्क वाईट निघते असं मानायचं की चांगल्या डिस्कला काहीतरी वाईट करतंय असं? मी मेळघाटातल्या एका आश्रमशाळेवर विज्ञान शिकवतो. शनिवारी घाट उतरतो, सोमवारी पहाटे चढतो. पोरांना "कारण शोधा" म्हणून सांगायचं आणि स्वतः दोनदा डिस्क बदलून मोकळं व्हायचं, याची थोडी लाज वाटली.

ज्यांची गाडी अशीच थरथरते, त्यांनी आधी एक गोष्ट नक्की करावी: थरथर फक्त ब्रेक लावल्यावर येते की एरवीही? ब्रेकला पाय न लावता ऐंशी-शंभरच्या दरम्यान स्टिअरिंग कापत असेल, तर डिस्कच्या मागे लागू नका. ते बॅलन्सिंगचं काम आहे. आपल्याकडे पावसाळ्यात त्याचं अगदी साधं कारण असतं: पांदणीतून गाडी काढली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते, वाळून दगडासारखी होते आणि चाक एका बाजूला जड होतं. बाहेरून गाडी धुतलेली दिसते, आत पाव किलोचं ढेकूळ बसलेलं असतं. माझ्या एका सहकाऱ्याने याच मातीपायी बॅलन्सिंग दोनदा करून घेतलं. आतून कुणी पाहिलंच नव्हतं. वीस-तीसच्या वेगातच स्टिअरिंग डुलत असेल तर टायरला फुगा आलाय किंवा रिम ठोकली गेलीय. आणि कच्च्या रस्त्यावर किंवा गिट्टीवर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली कटकट होत असेल, तर ते एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आपलं काम करतंय. ते बिघडलेलं नाही.

ब्रेकवरच थरथर येते असं ठरलं, की पुढचं चाक की मागचं? स्टिअरिंग थरथरलं तर बहुतेक वेळा पुढचं. सीट आणि बूड हादरत असेल, स्टिअरिंग शांत असेल, तर मागच्या ड्रमवर (मागच्या चाकातल्या डब्यासारख्या ब्रेकवर) संशय घ्यावा. हे पक्कं करायला हँडब्रेकची चाचणी आहे. रिकामा, सरळ, कोरडा रस्ता पाहा, मागे कुणी नाही याची खात्री करा, पन्नासच्या आसपास हँडब्रेकचं बटण दाबून धरूनच हळूहळू ओढा. बटण सोडायचं नाही, म्हणजे केव्हाही ढिला करता येतो. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. त्यात झटके जाणवले तर मागचे ड्रम गोल राहिलेले नाहीत. माझ्या गाडीत काहीच जाणवलं नाही. ज्यांच्या गाडीत हँडब्रेक बटणावर चालणारा इलेक्ट्रिक आहे, त्यांनी ही चाचणी करूच नये.

मग शेवटी मी लेथवाल्या काकांकडे गेलो. मोटारपंपांचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरचे पार्ट घासण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. गाडीच्या गॅरेजवर न जाता लेथवर जायचं कारण एवढंच, की मला मोजणारा माणूस हवा होता. जाताना शाळेतला व्हर्निअर घेऊन गेलो. काकांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "सर, हे कायले आणलं? यानं काय मोजता? इथं केसाच्या आतला हिशोब हाय." मग म्हणाले, "अन् डिस्क बेंड कशी होईन? बीड हाय ते. बीड वाकत नाही, तुटते." बीड म्हणजे ओतीव लोखंड.

बहुतेकांची गफलत इथेच होते, म्हणून जरा थांबतो. डिस्क 'वाकली' हा शब्द गॅरेजमध्ये सर्रास वापरतात, पण ती ताटलीसारखी वाकलेली क्वचितच असते. होतं असं की तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एक जागा किंचित जाड, समोरची किंचित पातळ. चाक फिरताना जाड भाग पॅडमध्ये आला की कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेकचा जोर वाढतो. पातळ भाग आला की कमी होतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक हिसका. छोट्या गाडीच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला बारा फेरे, बारा हिसके. पुढच्या सस्पेन्शनला साधारण याच लयीत हलायला आवडतं, झोक्याला बरोबर वेळेवर ढकललं की तो कसा चढतो, तसं. म्हणून ऐंशीला स्टिअरिंग नाचतं आणि चाळीसला, जिथे फक्त सहा हिसके असतात, तिथे काही कळत नाही. डिस्क तीच असते, दोष तोच असतो.

आणखी एक कोडं मला बरेच दिवस पडलं होतं. कधी थरथर जोरात, कधी अगदी मवाळ, त्याच रस्त्यावर, त्याच वेगात. उत्तर असं की दोन्ही चाकांचे हिसके एकाच वेळी आले तर स्टिअरिंगवर एकमेकांना बरेचसे मारतात आणि मग पेडलवर जास्त जाणवतात. आळीपाळीने आले तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे ओढलं जातं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, त्यामुळे दोघांचं जुळणं-बिघडणं बदलत राहतं. घाटातली वळणं संपली की दरवेळी नवा सौदा. "आज नाही थरथरली, बरी झाली वाटते" असं म्हणून मी दोन महिने उगाच घालवले.

किती फरकाने हे होतं? जाडीत एक-दोन शतांश मिलिमीटरचा, म्हणजे ०.०१-०.०२ चा फरकही हाताला कळतो. झेरॉक्सचा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्याचा पाचवा-दहावा भाग. माझ्या व्हर्निअरवर काका का हसले ते तेव्हा कळलं.

आता मुख्य प्रश्न. नवी डिस्क कारखान्यातून सारख्या जाडीची येते. पाच हजार किलोमीटरमध्ये ती असमान कशी होते? ती जर हबवर (डिस्क आणि चाक ज्याला बसवतात त्या मधल्या भागावर) थोडी तिरकी बसली असेल, तर फिरताना तिची कड आत-बाहेर डुलते. ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्याला तीच जागा पॅडला हलकेच घासून जाते. पेट्रोलपंपाच्या नोझलवर नजर ठेवणारा माणूस थेंब मोजत नाही, तसं इथेही एका फेऱ्याचं घासणं नगण्यच. पण पाच हजार किलोमीटर म्हणजे सत्तावीस लाखांहून जास्त फेरे. तीच जागा झिजत-झिजत पातळ होते आणि एके दिवशी ऐंशीच्या ब्रेकला थरथर उगवते. नवी डिस्क टाकली की जाडी पुन्हा सारखी, थरथर गायब, गॅरेजवाला खुश, आपणही खुश. तिरकेपणा मात्र आहे तिथेच असतो.

म्हणजे मोजायच्या गोष्टी दोन: डिस्क किती डुलते आणि जाडी किती कमी-जास्त आहे.

चाक काढलं. (जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालू नका, आम्ही चेसिसखाली लाकडी ठोकळे लावले आणि मागच्या चाकांना दगड.) डिस्क हबला नटांनीच घट्ट केली, पण नटाखाली सपाट वॉशर घालून, कारण चाकाच्या नटाला उतार असतो, तो डिस्कवर नीट बसत नाही. काकांचा चुंबकाचा स्टँड लावून डायल गेजचं (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचं) टोक बाहेरच्या कडेपासून एक सेंटीमीटर आत टेकवलं, गाडी न्यूट्रलला, आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. ड्रायव्हर साइडला काटा ०.०४ मिलिमीटर फिरला. क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, ०.११. साधारणपणे ०.०५ च्या आत असावं असं धरतात, आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मग मायक्रोमीटरने आठ जागी जाडी मोजली: क्लीनर साइडला सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत ०.०२ चा फरक. चोर एका बाजूलाच होता, आणि मी दोनदा दोन्ही बाजूच्या डिस्क घेतल्या होत्या.

(डिस्क आणि पॅड घ्यायचे ते दोन्ही बाजूंचे जोडीनेच, हे खरं आहे, नाहीतर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. सांगायचं एवढंच, की मूळ बिघाड एकाच बाजूला होता.)

डिस्क काढली. हबचा जो सपाट चेहरा डिस्कच्या मागे बसतो, त्यावर गंज आणि त्यात पक्की झालेली काळी माती, नटांच्या दोन बोल्टांमध्ये तर पापुद्रा. दोन्ही वेळा नवी डिस्क याच्यावरच ठोकून बसवली होती. हे साफ करायला पाच मिनिटं लागतात आणि तीच कुणी देत नाही. हबच्या कडेला ०.०३ चा मळ असेल तर डिस्कच्या बाहेरच्या कडेला तो ०.०५ होऊन दिसतो, कारण डिस्कचा व्यास हबपेक्षा मोठा. दहावीतले समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही. तारेच्या ब्रशने, मग काचपेपरने हब चमकेपर्यंत घासला, बोल्टांच्या बुडाशीसुद्धा, डिस्कची आतली बाजूही घासली. पुन्हा बसवून मोजलं: ०.०७. मग काकांनी डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून बसवली. हबचा स्वतःचा किंचित दोष आणि डिस्कचा किंचित दोष एकाच दिशेला आले तर बेरीज होते, उलट दिशेला आले तर वजाबाकी. तिसऱ्या भोकाला ०.०४ आला. तिथे खडूने खूण केली.

जाडीतला ०.०२ काढायला डिस्क लेथला लावली. लेथवर घासायची असेल तर आधी डिस्कवर ओतलेला किमान जाडीचा आकडा वाचा, बहुतेक डिस्कवर असतो; घासून त्याच्या खाली जाणार असेल तर नवीच घ्या. आणि लेथच्या जबड्यात डिस्क पकडताना तिथेही मळ असेल तर नवा तिरकेपणा घालून मिळतो. बऱ्याच लोकांना "घासून आणली तरी थरथरते" हा अनुभव येतो, त्यात हे एक कारण. दुसरं: डिस्कवर निळे-काळे डाग पडले असतील तर तिथलं बीड अति तापून कडक झालेलं असतं. घासलं तरी कडक जागा बाकीच्यांपेक्षा कमी झिजते आणि पुन्हा वर येते. अशी डिस्क भंगारात द्यावी.

पण हब एवढ्यात खराब व्हायला आणि डिस्क क्लीनर साइडलाच तिरकी बसायला आणखी एक हात होता, तो नंतर लक्षात आला. रस्त्याच्या कडेचे बाभळीचे काटे डाव्या चाकालाच जास्त लागतात. म्हणजे पंक्चर डावीकडे, चाक डावीकडचंच वारंवार उघडलं जातं. आणि पंक्चरवाला नट कसे आवळतो? एअर गन लावून, एका ओळीत, घर्रर्र करत. एका नटाला प्रमाणापेक्षा दुप्पट जोर, दुसऱ्याला कमी. डिस्क चाक आणि हब यांच्यामध्ये दाबलेली असते, तो असमान दाब तिला मुरडतो. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, आपला आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा. अंदाज म्हणून: ४० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला पंचवीस किलोचा जोर दिला की जवळपास १०० होतो. पान्यावर उभं राहायची गरज नाही. आणि ओळीने न आवळता समोरासमोरचा नट, दोन-तीन फेऱ्यांत. मी आता टॉर्क पाना डिक्कीत ठेवतो. पंक्चरवाल्याला आधी राग आला, "आमच्यावर भरवसा नाही काय सर?" म्हणाला. मग त्यालाही तो पाना वापरून पाहायची हौस आली.

कॅलिपर उघडलाच होता म्हणून स्लाइड पिन (कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या) पाहिल्या. एक सहज सरकत होती, दुसरी जाम. पिन जाम झाली की ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि वर सांगितलेली झीज अजून लवकर होते. चाक न काढताही याचा संशय घेता येतो: फारसा ब्रेक न लावता दहा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एक रिम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेली असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. पिनला ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं तर आतलं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. कॅलिपर काढल्यावर तो होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. आणि सगळं बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबा. पहिल्या दाबाला ते सरळ तळाला जातं. रस्त्यावर जाऊन हे कळणं बरं नव्हे.

लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाजवळचा सांधा) हेही हलवून पाहिले. चाक उचलून बारा-सहाच्या जागी धरून हलवलं आणि खेळ आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. नऊ-तीनला आला तर टाय रॉड. माझ्या गाडीत ते ठीक होते. हे झिजलेले असले तर बारीकशी थरथरही मोठी होऊन हातापर्यंत येते, पण थरथर जन्माला मात्र ते घालत नाहीत. बुश बदलून थरथर "कमी झाली" असं कुणी सांगितलं, तर मूळ अजून आत आहे असं समजा.

आता माझी चूक. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर, परतवाडा त्यापेक्षा सुमारे ७०० मीटर खाली. माणसं-सामान धरून हजार किलोची गाडी एवढी उतरवताना जी ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी, ती वीस लिटर पाणी माठातल्या गारव्यापासून उकळीपर्यंत न्यायला पुरेल एवढी आहे. मी ती जवळजवळ सगळी पुढच्या दोन डिस्कवर टाकत होतो, कारण पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडायची सवय होती. त्याने पेट्रोलही वाचत नाही: आजच्या इंजिनात गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना पेट्रोलचा पुरवठा बंद होतो, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. वर धोका वेगळाच. आता दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, ब्रेक लागेल तेवढा ठामपणे लावतो आणि सोडतो, पाय ठेवून घासत राहत नाही. खाली आल्यावर चहाच्या टपरीवर पेडल दाबून उभा राहत नाही. तापलेला पॅड एकाच जागी दाबून ठेवला की त्याचा छाप डिस्कवर उमटतो आणि तिथून नव्या थरथरीची सुरुवात होते. गिअरमध्ये टाकून, दगड लावून उभी करतो. आणि मे महिन्यात बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत घाट उतरून सरळ वॉशिंग सेंटरवर जाऊन चाकांवर गार पाण्याचा फवारा, हा प्रकार बंद केला. अर्धा तास थांबतो.

घासलेली डिस्क आणि नवे पॅड बसवल्यावर त्यांना एकमेकांशी बसवावं लागतं, हे कुठल्याच गॅरेजवाल्याने मला सांगितलं नव्हतं. अंजनगावकडच्या रिकाम्या रस्त्यावर सकाळी लवकर जाऊन साठवरून पंधरापर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालवून. मग ब्रेक न लावता पाच-सात किलोमीटर चालवून गार होऊ दिलं. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढतो. नवी डिस्क असेल तर आधी तिच्यावरचं गंजरोधक तेल धुऊन घ्या.

गाडी आता ९३ हजारांवर आहे. त्या कामाला २३ हजार किलोमीटर झाले. पाच-सहा हजारांची मुदत तीनदा उलटून गेली. मागच्या दिवाळीत पुन्हा डायल लावून पाहिला, क्लीनर साइड ०.०४.

शेजाऱ्याच्या संत्रा वाहणाऱ्या पिकअपची हीच तक्रार होती म्हणून त्याने माझ्याच पद्धतीने पुढचा हब घासला, काही फरक नाही. हँडब्रेकची चाचणी त्याने केलीच नव्हती. केली तेव्हा मागून झटके आले; भरलेल्या गाडीचे ड्रम अंडाकृती झाले होते.

एक थरथर मात्र अजून येते आणि तिच्यासाठी मी काही उघडत नाही. पावसाळ्यात गाडी तीन-चार दिवस शाळेच्या आवारात उभी राहिली की डिस्कवर लाल गंज चढतो, पॅडच्या खालची जागा तेवढी वेगळी राहते. पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आणि बारीक हिसके येतात. वाटेतलं सलोना गाव यायच्या आधीच ते निघून जातात.